किल्ली माझ्याकडे नव्हती

२०२३ च्या सप्टेंबरात नवऱ्याची केमो सुरू झाली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, दर पंधरा दिवसांनी एक अशा बारा केमो. तिसरीनंतर त्याला वरणभाताचा वासही सोसेना. कुकरची शिट्टी झाली की तो वरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. फ्रिजमधली बाटली हातात धरली तर बोटांत सुया टोचायच्या. अकरा किलो वजन उतरलं.

उलटीच्या नेहमीच्या गोळ्यांनी भागेना, तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांनी ड्रोनाबिनॉल नावाची कॅप्सूल लिहून दिली. गांजातलं जे मुख्य द्रव्य, टीएचसी, तेच प्रयोगशाळेत बनवून तिळाच्या तेलात भरलेलं. अमेरिकेत याला १९८५ पासून मान्यता आहे. नाक्यावरच्या फार्मसीतून मीच ती आणली, सही केली, इन्शुरन्सने पैसेही भरले. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यातला विनोद त्याशिवाय कळायचा नाही.

कॅप्सूलने झोप आली, भूक काही आली नाही. मग तिथल्या नर्सबाईंनी हळूच विचारलं, मेडिकल मारिजुआनाचं कार्ड काढलंय का?

आम्ही राहतो पेनसिल्वेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला एक्स्टनजवळ. इथे २०१६ च्या कायद्याने गांजा औषध म्हणून चालतो, पण फक्त कार्डावर. कार्ड नसेल तर ३० ग्रॅमपर्यंत सापडल्यास ३० दिवसांपर्यंत कैद आणि ५०० डॉलरपर्यंत दंड. त्याच्या वर एक वर्ष आणि ५,००० डॉलर. फिलाडेल्फिया शहराने २०१४ पासून आपल्यापुरता थोड्या गांजासाठी २५ डॉलरचा दंड ठेवलाय. म्हणजे रेल्वेने पाऊण तास पूर्वेला गेलं की तोच गुन्हा स्वस्त होतो.

कार्डाची पद्धत तशी सरळ आहे. राज्याच्या आरोग्य खात्याच्या साइटवर नाव नोंदवायचं, खात्याकडे नोंदलेल्या डॉक्टरकडून प्रमाणपत्र घ्यायचं, ५० डॉलर भरायचे, कार्ड पोस्टाने येतं, वर्षभर चालतं. आम्ही अडलो पहिल्याच पायरीवर. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुन्या घराचा पत्ता होता, आणि नोंदणी तो पत्ता जुळल्याशिवाय पुढेच जाईना. दोन वर्षं आळस केला त्याची फळं. आपल्या डॉक्टरांचं नावही त्या यादीत नव्हतं, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांना व्हिडिओवर गाठलं. बारा मिनिटं बोलणं, दीडशे डॉलर फी, इन्शुरन्स शून्य. हे डॉक्टर औषध ‘लिहून देत’ नाहीत, रुग्णाला अमुक आजार आहे एवढंच प्रमाणित करतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९७० च्या कायद्याने गांजा तेव्हा हेरॉइनच्याच रांगेत, पहिल्या म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या वर्गात बसवलेला होता, आणि त्या वर्गातलं काही कोणी लिहून देऊच शकत नाही. कॅन्सर राज्याच्या यादीत असल्यामुळे बाकी काही विचारलं नाही.

आता दुकानात जायचं कोणी? नवऱ्याला जिना उतरवत नव्हता. राज्याने त्याचीही सोय केलीय: ‘केअरगिव्हर’ म्हणून नाव नोंदवायचं, वय २१ पूर्ण हवं, बोटांचे ठसे द्यायचे, पूर्वीचे गुन्हे तपासतात. घरातली बाई दुसरी कोण असणार! मी अर्ज भरला, ठशांची वेळही घेतली.

माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड. नवरा कधीच अमेरिकन नागरिक झालेला, मी मात्र सांगलीकडच्या शेताच्या वाटण्या होईपर्यंत भारतीय पासपोर्ट धरून बसले होते. त्याच उन्हाळ्यात नागरिकत्वाचा अर्ज टाकला होता. ठशांच्या आदल्या दिवशी वकीलबाईंना दुसऱ्याच कागदासाठी फोन केला आणि बोलता बोलता हे सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, “तो अर्ज सबमिट केलात का?”

केला नव्हता. नशीब.

त्यांनी जे समजावलं ते असं. नागरिकत्व देणारं खातं केंद्राचं, त्याला राज्याच्या कार्डाशी देणंघेणं नाही. एप्रिल २०१९ मध्ये त्या खात्याने स्पष्टच लिहून काढलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंध आला तर ‘चांगलं चारित्र्य’ सिद्ध होण्यात अडथळा येऊ शकतो. त्यासाठी कोर्टात शिक्षा व्हावी लागते असं नाही. मुलाखतीत आपल्या तोंडाने कबूल केलं तरी पुरतं. एकदाच, ३० ग्रॅमच्या आत, स्वतःजवळ बाळगला असेल तर थोडी सूट आहे. पण केअरगिव्हर दुकानातून आणून दुसऱ्याच्या हातात देते, आणि केंद्राच्या भाषेत त्याला ‘वाटप’ म्हणतात.

“मी नवऱ्याला औषध दिलं, तर वाटप?” मी म्हटलं.

“तुम्ही दिलं, तर वाटप.”

“मग मुलाने दिलं तर?”

“तेही वाटपच. पण तो इथे जन्मलाय, त्याला कुठे हाकलणार?”

तर अर्ज पुसला आणि मुलाचा भरला. तो चोवीस वर्षांचा, फिलाडेल्फियात नोकरीला. दर शनिवारी रेल्वेने येऊ लागला. पहिल्या खेपेला मी गाडीतच बसले होते, दुकानाच्या पार्किंगमध्ये, आणि तेवढ्यानेही छातीत धडधडत होतं. आत काय काय असतं ते त्यानेच सांगितलं: दारात कार्ड बघतात, काउंटरमागे फार्मासिस्ट बसतो, क्रेडिट कार्ड चालत नाही, रोख किंवा डेबिट. ओढायचा गांजा विकत नाहीत, वाफेसाठीचा पाला विकतात, आणि तो पेटवून ओढला तर कायदा मोडला. गोळ्या, थेंब, मलम मिळतं. त्याने आणलं ते काळपट घट्ट तेल, सुई नसलेल्या छोट्या सिरिंजमध्ये. सुरुवातीला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं घ्या, असं फार्मासिस्टने सांगितलं होतं.

मुलाने हार्डवेअरच्या दुकानातून कुलपाची पत्र्याची पेटी आणली. दोन किल्ल्या, एक बापाकडे, एक त्याच्याकडे. “आई, तू हात लावायचा नाहीस,” असं मला दम देऊन सांगितलं. आठवडाभराचे डोस तो मोजून ठेवायचा, बिस्किटाच्या तुकड्यावर टेकवलेले, बटर पेपरमध्ये गुंडाळून. तीस वर्षं या माणसाला क्रोसीनची गोळीसुद्धा मी पाण्यासकट हातात दिलेली. आता रात्री नऊ वाजता थरथरत्या बोटांनी तो किल्ली फिरवायचा आणि मी पलंगाच्या टोकाशी बसून बघायचे. एकदा किल्ली खाली पडली. ती तरी उचलू की नको, यावर मी चक्क विचार केला. उचलली.

दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, “मेतकूट भात आहे का?” या तेलाने हे झालं, की केमोच्या आठवड्यांचा चढउतार होता, मला ठरवता येत नाही. भात मात्र खाल्ला.

मिरजेहून सासूबाईंचा फोन रोजचा. आमच्याकडे गांजेकस म्हणजे ओवाळून टाकलेला माणूस. त्यांना काय सांगणार? “अगं, भूक कशाने लागली म्हणतेस?”

“एक तेल देतात, आई.”

“तिळाचं का?”

“त्यातलंच.” आधीच्या कॅप्सूलच्या हिशेबाने अगदीच खोटं नव्हतं.

मित्रमंडळींचे सल्ले वेगळेच. एडिसनचे आमचे स्नेही म्हणाले, कशाला कार्डाच्या भानगडीत पडलात, इकडे या. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून एकवीस वर्षांवरच्या कोणालाही दुकानात मिळतो, सहा औंसांपर्यंत जवळ बाळगता येतो. खरं आहे. पण तिकडे जाताना टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हमरस्त्यावर, दोन राज्यांच्या हद्दीवरच्या डेलावेअर नदीचा पूल लागतो. अलीकडे आमचं कार्ड चालतं, पलीकडे कार्डही लागत नाही, आणि माल घेऊन पूल ओलांडला की तो राज्याबाहेर नेल्याचा केंद्राचा गुन्हा. दिवाळीला त्यांच्याकडे गेलो तेव्हा पेटी घरीच राहिली, आणि नवऱ्याने बिचाऱ्याने तिथे नुसतं ताक पिऊन दिवस काढला. गाडी मुलाने चालवली. आमच्या राज्यात रक्तात टीएचसीचा अंश सापडला तरी नशेत गाडी चालवल्याची केस होते, कार्ड असलं तरी. पहिल्याच वेळेला किमान तीन दिवस कैद आणि हजार डॉलर दंड. नशा उतरली तरी अंश बरेच दिवस राहतो. त्यामुळे त्या सहा महिन्यांत नवऱ्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. डॅलसच्या भाच्याची वास्तुशांत तर आम्ही सरळ टाळली. टेक्ससमध्ये असं तेल एक ग्रॅमच्या आत सापडलं तरी तो मोठा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद.

मार्चमध्ये बारावी केमो झाली. एप्रिलमध्ये मुलाने उरलेलं तेल चहाच्या चोथ्यात कालवलं, पिशवीत बांधलं आणि कचऱ्यात टाकलं. चोथा मी साठवून दिला होता.

माझी मुलाखत जूनमध्ये झाली. अधिकारी तरुण होता, प्रश्न भराभर वाचत होता. अमली पदार्थ कधी बनवले, वाटले, विकले, चोरून नेले आहेत का? वकीलबाईंनी हा प्रश्न माझ्याकडून इतक्यांदा घोकून घेतला होता की तो संपायच्या आत मी “नाही” म्हणाले. त्याने मान वर करून बघितलं, आणि पूर्ण प्रश्न पुन्हा एकदा, सावकाश वाचला.

“नाही.”

त्याने खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला.

पेटी टाकवली नाही. तिच्यात आता केशराच्या डब्या आणि वेलदोडे आहेत, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.