सेकंदाचा पाचशेवा भाग

तळ्यावरून बगळा उडाला आणि मी शटर दाबलं. वेग होता सेकंदाचा पाचशेवा भाग; तेवढ्यात आपली पापणीसुद्धा पुरती मिटत नाही. पंख पसरलेले, पायांवरून निथळणारं पाणी थेंबाथेंबानं हवेत थबकलेलं आणि मागे धुकं. फोटो बरा आला म्हणून त्याच्यासाठी संगीत लिहायला बसलो. ते झालं तीन मिनिटांचं. हिशेब केला तर मूळ घटनेपेक्षा निरूपण नव्वद हजार पट लांब.

हा माझा छंद. सकाळी कॅमेरा घेऊन हिंडायचं आणि रात्री संगणकावर अख्खा वाद्यवृंद मांडून बसायचं. या वृंदात कुणी उशिरा येत नाही, कुणी रुसत नाही, कुणी तालमीच्या मध्येच चहाला जात नाही. त्यामुळे त्यांच्यावर अन्याय करायला मी मोकळा. पहिल्या खर्ड्यात ओबोला, म्हणजे सनईच्या जातीच्या पाश्चात्त्य वाद्याला, मी सलग दोन मिनिटं, एकही विराम न देता वाजवायला लावलं. संगणकानं निमूट वाजवलं. पुढे वाचनात आलं की खऱ्या ओबोवादकाची अडचण दम संपण्याची नसतेच. दुहेरी पत्तीच्या चिंचोळ्या फटीतून हवा इतकी थोडी जाते, की छातीत साचलेली शिळी हवा बाहेर टाकायला त्याला थांबावं लागतं. मी चार जागी विराम घातले. सुरावट तीच होती, पण आता ती कुणीतरी माणूस वाजवतोय असं वाटायला लागलं.

त्या खर्ड्यातली दुसरी चूक जास्त लाजिरवाणी होती. बगळा उडतो तिथे हार्पवर खालून वर सरसरत जाणारे सूर, पंख उघडतात तिथे झांज, थेंबांसाठी व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडलेल्या. मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, “बाबा, बगळा उडतोय की रॉकेट?” जे दिसतं तेच सुरांत पुन्हा सांगण्याच्या या प्रकाराला चित्रपटसंगीतात ‘मिकी माउसिंग’ म्हणतात. कार्टूनमधला उंदीर जिना उतरला की सूरही पायरी-पायरीनं उतरतात, त्यावरून. उंदराला ते शोभतं.

स्वतःची समजूत घालायला मी बेथोव्हेनकडे गेलो. त्याची सहावी, निसर्गावरची सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा सादर झाली, तेव्हा त्यानं मुद्दाम बजावलं होतं की यात चित्रण कमी, भावना अधिक. आणि एवढं बजावून दुसऱ्या भागाच्या शेवटी त्यानंच फ्लूटवर नाइटिंगेल, ओबोवर लावा आणि क्लॅरिनेटवर कोकीळ बोलवली; वर स्वरलिपीत पक्ष्यांची नावंही लिहून ठेवली! त्याला मोह आवरला नाही, तिथे माझी काय कथा? तरी झांज मी काढलीच.

धुक्याचं मात्र जमलं. व्हायोलिनच्या घोडीवर एक छोटा चिमटा बसवतात, म्यूट. त्यानं आवाज नुसता कमी होत नाही, त्याची धार जाते. धुकं फोटोत हेच तर करतं. गडद आणि उजळ यांतलं अंतर कमी होतं आणि कडा विरघळतात. म्यूट लावलेले व्हायोला आणि चेलो जवळजवळच्या सुरांत ठेवले, सर्वांत खालच्या सुरांचा डबल बास पूर्ण गप्प केला. कारण त्या फोटोत जमीन दिसतच नव्हती.

खरी अडचण होती वेळेची. अॅन्सेल अॅडम्स हे छायाचित्रकार आधी पियानोवादक व्हायला निघाले होते. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि तिच्यावरून काढलेली प्रत म्हणजे वादन, अशी तुलना ते करत. तुलना सुरेख आहे, पण मला ती अर्ध्यावर सोडून देते. वादन संपतं, फोटो संपत नाही. त्याच्यासमोर किती वेळ उभं राहायचं ते बघणारा ठरवतो. संगीत जोडलं की त्याचा तो हक्क मी काढून घेतो. “झालं बघून, चला पुढे,” असं मी त्याला सुरांतून सांगत असतो. मार्गदर्शकाचा हा आगाऊपणा मला दुसऱ्या कुणी केलेला मुळीच खपत नाही.

मिनिटाला साठ मात्रा धरल्या, तर चार मात्रांचं एक आवर्तन चार सेकंदांचं. बगळ्याच्या जोडीला आणखी फोटोही सुरांबरोबर एकामागून एक दाखवायचे होते. आधी मी दर दोन आवर्तनांनी, बरोबर समेवर फोटो बदलत होतो. गणित चोख, आणि परिणाम वाढदिवसाच्या चित्रफितीसारखा. तिसऱ्या फोटोपासून डोळे पुढच्या समेचीच वाट बघायला लागतात, फोटो कुणीच बघत नाही. मग बदल समेवरून हलवले. कुठे सूर बदलल्यावर दोन मात्रांनी फोटो येतो, कुठे फोटो आधी येऊन सुरांसाठी थांबतो. बगळ्याला सर्वांत जास्त वेळ दिला, बावीस सेकंद. त्यात मधले सहा सेकंद फक्त एक चेलो.

शेवट सुचत नव्हता. फिनलंडचा संगीतकार सिबेलियस, त्याला १९१५च्या एप्रिलमध्ये सोळा हंस उडताना दिसले. त्याच्या पाचव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात हॉर्न या पितळी वाद्याची झोके घेणारी सुरावट आहे, तिचं नातं त्या हंसांशी सांगतात. सिंफनीला आजचं रूप यायला मात्र १९१९ उजाडलं. शेवटी सहा आघात आहेत आणि दोन आघातांमध्ये चक्क शांतता. पहिल्यांदा ऐकताना मी तिसऱ्या आघातालाच हेडफोन काढून ठेवले होते.

माझ्याकडे त्या सकाळचा आणखी एक फोटो होता. बगळा गेल्यानंतर चुकून दाबलं गेलेलं शटर. नुसतं तळं, त्यावर विरत चाललेली वर्तुळं. पुसून टाकणार होतो, तो शेवटी लावला. त्याच्यावर ओबोचा एक सूर क्षीण होत जातो आणि मग काहीच नाही.

मुलीला पुन्हा ऐकवलं. ओबो थांबल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. “संपलं?”

“नाही. अजून नऊ सेकंद आहेत.”

ती पुन्हा तळ्याकडे बघायला लागली.