पेशी मेली, पण कशी?

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून तपासणारं यंत्र) मेलेल्या पेशींचा टक्का वाढलेला दिसला की कर्करोगाचं औषध पास. माझा पुढचा प्रश्न त्यांना नकोसा असतो: मेल्या कशा?

त्यासाठी २००५ सालचा उंदरांवरचा एक प्रयोग मी हटकून सांगते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधानं मारून उंदरांना टोचल्या. नंतर त्याच कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचल्या, तरी बहुतेकांत गाठ धरली नाही. मायटोमायसिन-सी या दुसऱ्या औषधानं मारलेल्या पेशींनी मात्र असं संरक्षण दिलं नाही. पुढे २००७ मध्ये त्यामागचं एक कारण कळलं. डॉक्सोरुबिसिननं मरू घातलेली पेशी एरवी आत असणारं कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर आणते, आणि ते दिसलं की रोगप्रतिकारक यंत्रणेच्या टेहळ्या डेंड्रिटिक पेशी तिला गिळतात आणि कर्कपेशींवर हल्ला करणाऱ्या टी पेशींपुढे तिचे तुकडे मांडतात. (हे मोजताना प्रोपिडियम आयोडाइड (आवरण फाटलेल्या पेशीतच शिरणारा रंग) शिरलेल्या पेशी आधी वगळायच्या. आवरण फाटलं की अँटिबॉडी आत जाऊन आतलंच कॅलरेटिक्युलिन रंगवते, आणि आलेख उगाच देखणा दिसतो!)

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं वागणं तर दुटप्पीच. त्यातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडलं की पेशीला आतून मोडणारी विकरं, म्हणजे कॅस्पेस, जागे होतात आणि पेशीचा कारभार आटोपतो. त्याच वेळी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएही गळू शकतो. तो नसायला हवा तिथं, पेशीद्रवात, सापडतो, म्हणून सीजीएएस हे प्रथिन त्याला घुसखोर समजतं आणि स्टिंग या दुसऱ्या प्रथिनामार्फत इंटरफेरॉनची, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेला सावध करणाऱ्या संदेशाची, हाकाटी सुरू होते. पण कॅस्पेस ती हाकाटी दाबून टाकतात. म्हणजे पेशी मरते आणि कुणाला पत्ता लागत नाही! कॅस्पेस रोखून ट्यूमर 'बोलका' करायचे प्रयत्न यातूनच निघाले. मला ते पटतात, पण सूज हाताबाहेर जाण्याची धास्तीही वाटते.

आता दुसरी बाजू, हल्ला करणाऱ्या टी पेशींची. अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते टी पेशींना अडवून धरणाऱ्या यंत्रणा रोखून कर्करोगावर उपचार करता येतो हे शोधल्याबद्दल. पण पीडी-१ या टी पेशीवरच्या ब्रेकची अडवणूक काढली तरी टी पेशीत दम हवा ना? ट्यूमरमध्ये ग्लुकोज कमी, ऑक्सिजन कमी, लॅक्टेट मात्र भरपूर. तिथं पोचलेल्या टी पेशींत पीजीसी-१ अल्फा हे मायटोकॉन्ड्रिया घडवायला लागणारं प्रथिन घटतं आणि नवे मायटोकॉन्ड्रिया नीट तयार होत नाहीत. माझ्या मते या बाजूकडे आपण फार उशिरा वळलो.

२०२५ च्या जानेवारीत जपानी संशोधकांचा एक निबंध आला, तो तर मी दोनदा वाचला. कर्कपेशी आपले बिघडलेल्या डीएनएचे मायटोकॉन्ड्रिया ट्यूमरमध्ये शिरलेल्या टी पेशींच्या गळ्यात मारतात. सदोष मायटोकॉन्ड्रिया एरवी पेशी मोडीत काढते. पण यांच्यासोबत ती मोडतोड रोखणारी प्रथिनंही येतात, त्यामुळे ते तिथंच ठाण मांडतात. मेलानोमा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांच्या ट्यूमरमध्ये असे डीएनए-बदल होते, त्यांना पीडी-१सारखी अडवणूक काढणाऱ्या चेकपॉइंट औषधांचा फायदा कमी झालेला दिसला.