बाबांचं घड्याळ, जंजिऱ्याच्या दारात

रविवार, ११ डिसेंबर २०२२. मुरुड, रात्री

आज सकाळी बाबांचं घड्याळ समुद्रात गेलं. संकष्टीचा उपास सोडायला बसले, पण घास उतरेना. पान तसंच सारलं.

राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याला निघालो. किल्ल्याचं दार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, बुरुजांच्या आड दडलेलं आहे. होडी दाराशी गेली तरी स्थिर राहत नाही. लाटेसरशी वर येते, खाली जाते. होडीची कड आणि पायरी यांच्यातली फट उघडते, मिटते, आणि तेवढ्यात उतरायचं असतं. माझा पाय शेवाळावरून सरकला. पायरीवर उभ्या असलेल्या खलाशानं, विशीतल्या पोरानं, माझं मनगट घट्ट पकडून मला वर खेचलं. मी वर आले. मनगटावर काहीतरी सैल झालं आणि पाण्यात एवढासा 'डुब्' आवाज झाला. गढूळ, हिरवट पाणी. ते खाली जातानाही दिसलं नाही.

एचएमटीचं चावीचं घड्याळ. पांढऱ्या तबकडीवर देवनागरीत 'जनता'. बाबा एसटीत वाहक होते, त्यांनी पहिल्या बोनसमधून घेतलेलं. काचेवर सहाच्या आकड्याजवळ एक बारीक चरा होता, तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीवर आपटून पडलेला. अंधारात अंगठा फिरवला तरी तो चरा लागायचा. बाबा गेल्यावर चार वर्षं मी ते रोज हातात घातलं. सकाळी आठला चावी द्यायची, बावीस-तेवीस वळसे, शेवटी बोटाला ताण लागेपर्यंत. त्याहून जास्त पिळायची नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. आजही आठला दिली होती.

दिवाळीच्या आधी घड्याळजींनी भिंगातून बघून सांगितलं होतं, "ताई, पट्ट्याची पिन घामानं गंजलीये. बदलून टाकू." मी घाईत होते. पुढच्या वेळी, असं मीच म्हणाले. त्या पिनेला किती पैसे पडले असते? घड्याळजींनी हेही बजावलं होतं की जपून वापरा, असं जुनं पुन्हा मिळायचं नाही. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीचा घड्याळाचा धंदा बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हापासून ते प्रत्येक जुन्या घड्याळाबद्दल असंच हळवं होऊन बोलतात.

किल्ला बघितला म्हणजे पायांनी फिरले. कलालबांगडी तोफेपाशी सगळे फोटो काढत होते. मी तटावरून दाराखालचं पाणी शोधत होते.

परतताना तो पोरगा शिडापाशी मान खाली घालून बसला होता. "मी हात धरला म्हणून गेलं, ताई." मी म्हटलं, "अरे, हात धरलास म्हणून मी इथे बसलेय." हे मी त्याची समजूत घालायला बोलले नाही. त्या फटीत मी गेले असते तर होडीनं मला कातळावर चेपलं असतं. तरीही त्याचं तोंड उतरलेलंच.

होडी चालवणारे तांडेलकाका मात्र लगेच हिशेबाला लागले. "उद्या सकाळीही चतुर्थीच. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या पुढेमागे ओहोटी. तेव्हा बघू." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मी लहानपणी ऐकलं होतं. माझ्यासाठी कुणी ते मांडेल असं वाटलं नव्हतं.

सोमवार, १२ डिसेंबर. दुपार

सकाळी आठला बोटं आपोआप डाव्या मनगटाकडे गेली. तिथे पांढरा पट्टा आहे, उन्हानं न रापलेला.

नवाच्या आधी राजपुरीच्या धक्क्यावर होते. पर्यटकांची पहिली फेरी सुटायच्या आत काका आणि तो पोरगा मला घेऊन गेले. ओहोटीनं पायऱ्यांखालचा कातळ थोडा उघडा पडला होता, कालवांनी भरलेला, धारदार. पोरगा लुंगी खोचून उतरला. पायानं चाचपत, मध्येच बुडी मारून तासभर शोधत राहिला. एक काळा गॉगल निघाला, एकाच पायातली लहान मुलाची चप्पल निघाली. तळव्याला कालवं कापली तरी वर येईना. शेवटी मीच हाक मारून बोलावलं. खाली मऊ गाळ आहे, म्हणाला. जड वस्तू त्यात बसत जाते. पैसे पुढे केले तर दोघांनीही घेतले नाहीत. मी काकांना रागावलेसुद्धा. त्यांनी नुसतं शीड सोडलं.

आईला फोन केला. कालपासून टाळत होते. तिनं आधी विचारलं, "तुला लागलं नाही ना?" मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दाभोळची खाडी तरीनं ओलांडताना ते घड्याळ काढून रुमालात गाठ मारून आतल्या खिशात ठेवायचे. दर वेळी." मला हे आठवत होतं. काल होडीत बसताना आठवलं नाही. आईनं दोष दिला नाही, पण तो रुमाल डोळ्यांसमोरून हलत नाही. निळ्या चौकटीचा होता.

खारं पाणी लागलेलं घड्याळ लगेच गोड्या पाण्यात बुडवून दुरुस्तीला न्यावं लागतं, नाहीतर आतली चाकं गंजून धरतात. तेव्हा सापडलं तरी ते चालणार नाही. मला तो चरा असलेली काच तेवढी पुन्हा बोटाखाली हवी आहे.

निघताना पोरानं माझा नंबर लिहून घेतला. अमावास्येला उधाण असतं, तेव्हा ओहोटीही जास्त खाली जाते आणि आजच्यापेक्षा खालचा कातळ उघडा पडतो, म्हणाला. सकाळी सहाच्या सुमारास. "मी जाऊन बघीन, ताई. तुम्ही येऊ नका, अंधार असतो."

खोलीतल्या कॅलेंडरवर बघितलं. अमावास्या २३ तारखेला आहे, शुक्रवारी. मी गुरुवारी रात्रीच्या एसटीनं येते आहे.