म्हणजे आपलं...

कोलंबियाला जातोय म्हटल्यावर घरच्यांनी दोनच प्रश्न विचारले. तिथे सुरक्षित आहे का, आणि तुम्ही खाणार काय? पहिल्याचं उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर म्हणून माझ्या नणंदेने राजगिऱ्याच्या लाडवांची दोन पाकिटं बॅगेत कोंबली. ‘असू दे गं वहिनी, उपास पडला तर?’ उपास कुठल्या अर्थाने, हे काही तिने सांगितलं नाही.

आमच्या ह्यांची एक खोड आहे. परक्या मुलखात कुठलाही पदार्थ तोंडात घातला की एक वाक्य बोलल्याशिवाय घास खाली उतरत नाही. ‘म्हणजे आपलं अमुकच की!’ पूर्वी मला हे गोड वाटायचं. तीस वर्षांच्या संसारानंतर आता पुढचं नाव काय येणार, हे मला ते बोलायच्या आधीच कळतं.

बोगोताला पहिल्याच सकाळी सुरुवात झाली. शहर 2,600 मीटर उंचीवर, त्यामुळे विषुववृत्त जवळ असूनही अंगात स्वेटर. कोपऱ्यावर एक बाई ढकलगाडीवर पाच-सहा थर्मास मांडून ‘तिंतो, तिंतो’ करत होती. स्पेनमध्ये तिंतो मागितली तर रेड वाइन पुढ्यात येते, इथे काळी कॉफी. बोटभर उंचीचा कप, कॉफी पातळ आणि भरपूर गोड. जगाला उत्तम कॉफी पाजणाऱ्या देशात रस्त्यावर ही असली कॉफी का, याचं नवल वाटलं खरं. पण पहिल्या प्रतीच्या हापूसच्या पेट्या कुठे जातात आणि घरात कुठला आंबा कापला जातो, हे कोकणातल्या माणसाला विचारा. ‘म्हणजे आपलं कटिंग,’ हे म्हणाले. मी मनातल्या मनात आधीच म्हणून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पालोकेमाओच्या मंडईत गेलो. फुलं, मासे, नावं न कळणारी फळं यांतून वाट काढत असताना हे एका दुकानापुढे थबकले, ते हलेचनात. दुकानात तपकिरी ढेपा रचून ठेवलेल्या. काही चौकोनी, काही वाटीत थापल्यासारख्या गोल. ह्यांचं गाव कऱ्हाडजवळ, लहानपणी घरचं गुऱ्हाळ होतं. त्यांनी एक ढेप उचलली, कडेला नख लावलं, कण जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. दुकानदार आणि मी, दोघंही निकालाची वाट बघत उभे. ‘पाक जरा कडक उतरवलाय,’ हे म्हणाले, ‘पण भेसळ नाही.’ मी दुकानदाराला फक्त दुसरं अर्धं वाक्य समजावलं.

हा पानेला. उसाचा रस काहिलीत आटवून साच्यात ओतायचा, दुसरं काही नाही. आपल्याकडे गुळव्या भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर काढतो, तिथे बाल्सो, ग्वासिमो अशा झाडांच्या सालीचा चीक तेच काम करतो. गूळ करण्यात भारत जगात पहिला आणि कोलंबिया दुसरा. माणशी खाण्यात मात्र ते आपल्या पुढे आहेत. हे कळल्यावर ह्यांचा चेहरा, धाकट्या भावाने आपल्याला कुस्तीत पाडल्यावर होईल तसा झाला होता.

शेजारच्या टपरीवर हाच पानेला मोठ्या पातेल्यात उकळत होता. आग्वापानेला. आग्वा म्हणजे पाणी, पानेला म्हणजे गूळ. गूळपाणी! उन्हातून दारात आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा आणि मग तांब्या ठेवणाऱ्या घरातला माणूस, पंधरा-सोळा हजार किलोमीटर लांब येऊन पैसे देऊन गूळपाणी पीत होता. या वेळी मी डोळे फिरवले नाहीत. शब्दाला शब्द जुळत होता, वाद कशावर घालणार?

फरक दोन. ते गरम होतं, लिंबू पिळलेलं, आणि बशीत पांढऱ्या चीजचा जाड तुकडा. ह्यांनी चीज आधी खाऊन टाकलं. टपरीवाली बाई ‘नो, नो’ करत दुसरा तुकडा घेऊन आली आणि तिने तो सरळ कपात सोडला. गूळपाण्यात चीज! ह्यांनी कपात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘म्हणजे आपलं...’ एवढंच झालं. पुढे काही आलं नाही. चमच्याने तळातून काढलेला तो मऊ, तार सुटणारा खारट-गोड तुकडा त्यांनी मुकाट्याने चावला. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

चीज पेयात बुडवायचं वेड बोगोतात चॉकलेटपर्यंत गेलं आहे. उंच, चिंचोळ्या भांड्यात चॉकलेट उकळतं आणि लाकडी मोलिनियो दोन तळव्यांत धरून फिरवत त्याला फेस आणतात. मोलिनियो म्हणजे रवीच, दोरी नसलेली. हे वाक्य माझं आहे. माझ्याच तोंडून निघालं आणि ह्यांनी असं काही पाहिलं, की बस. तर त्या फेसाळ चॉकलेटमध्येही चीजचे तुकडे पडतात. प्लासा दे बोलिवार या मुख्य चौकाजवळ 1816 पासून चालत आलेलं ‘ला पुएर्ता फाल्सा’ नावाचं खोलीएवढं दुकान त्यासाठी प्रसिद्ध आहे. रांग लावून खाल्लं. एकदा पुरे.

चोर्रो दे केवेदोच्या गल्लीत चिचा मिळते. मका आंबवून केलेली, तोतूमा नावाच्या सुकवलेल्या फळाच्या कवटीत ओतून देतात. पिवळट, दाट, आंबूस. हे म्हणाले, ‘म्हणजे आपली आंबील.’ अर्धी कवटी रिकामी झाल्यावर म्हणाले, ‘आंबील नाही बरं का.’ स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी मुइस्का लोक ती पीत आले आहेत. 9 एप्रिल 1948 ला गाइतान या लोकप्रिय नेत्याचा बोगोतात भर रस्त्यात खून झाला, शहर पेटलं आणि त्या दंगलीचं खापर चिचा पिणाऱ्यांवर फुटलं. त्याच वर्षी कायदा आला: आंबवलेलं पेय कारखान्याच्या पद्धतीने करून बंद बाटलीतच विकायचं. घरच्या मडक्यातल्या चिचेला बाटली कुठून असणार? ती चोरवाटांनी जगली आणि आता ज्या गल्लीत मिळते तिथे विद्यार्थी आणि आमच्यासारखे पर्यटक गर्दी करतात. ह्यांनी कवटी विकत मागितली. मिळाली नाही.

कालीत लुलादा प्यायलो. लुलो नावाचं आंबट फळ कुस्करून, बर्फ घालून. फळ नारिंगी, आत हिरवं, आणि कूळ वांग्याचं. ‘म्हणजे आपलं वांग्याचं...’ यावर काली शहराचा विषय मी संपवते.

कार्ताहेनाला पोचलो तेव्हा थंडी संपून घामाच्या धारा लागल्या होत्या. समुद्र, दमट हवा, भिंतींवरून ओसंडणारी बोगनवेल. नाक्यावर किसलेल्या बर्फावर रंगीत पाक ओतून विकणारा. त्याबद्दल बोलायची गरजच नव्हती, गोळा तो गोळाच. पुढे कैरीवाला. कैरीच्या शेवयांसारख्या लांब चिरा, लिंबू, मीठ. ह्यांनी ‘तिखट?’ असं मराठीतच विचारलं. नव्हतं. मिरची याच खंडातून आपल्याकडे आली आणि आंबा आपल्याकडून तिकडे गेला. आंबा त्यांनी ठेवून घेतला, मिरची मात्र बहुतेक वेळा बाजूच्या वाटीत. बॅगेत काळ्या मसाल्याची पुडी होती. ती बाहेर निघाली आणि कैरीवाल्याने चव बघून पाणी मागितलं, एवढंच सांगते.

हेत्सेमानीच्या एका चौकात संध्याकाळी एक बाई आरेपा दे वेवो तळत होती. मी तिच्या कढईशेजारी अर्धा तास उभी होते. मक्याच्या पिवळ्या पिठाचा गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांत ठेवून वर ताटली दाबायची. आरेपा तेलात सोडली की ती खाली बसते, मग कडेने बुडबुडे सोडत वर येते आणि बघता बघता टम्म. ‘पदर सुटला,’ हे हळूच म्हणाले, चुलीवरच्या भाकरीकडे बघून म्हणतात त्या आवाजात. बाईने ती झाऱ्यावर काढली, निथळू दिली, मग सुरीच्या टोकाने कडेला दोन बोटांएवढी चीर दिली. आतून वाफ आली. कपात फोडून ठेवलेलं अंडं तिने त्या चिरेतून पोटात ओतलं. एक थेंब बाहेर नाही. चिमूटभर ओलं पीठ लावून तोंड बंद केलं आणि आरेपा पुन्हा तेलात. हे गप्प. भाकरीच्या पदराआड अंडं घालायची कल्पना कऱ्हाडात कुणाला सुचली नाही, ही गोष्ट त्यांना चांगलीच लागली असावी. पहिला घास तोडल्यावर पिवळा बलक मनगटापर्यंत ओघळला. तो चाटत म्हणाले, ‘हे वेगळंय.’

शेवटच्या दिवशी जुन्या शहराच्या तटबंदीजवळ पालेंकेरा भेटल्या. भडक झालरींचे झगे, डोक्यावर ॲल्युमिनियमची परात. पर्यटक फोटोचे पैसे देऊन पुढे जातात. त्या मूळच्या सान बासिलियो दे पालेंकेच्या, गुलामगिरीतून पळालेल्यांनी वसवलेल्या गावच्या. त्या गावाची भाषा आणि परंपरा युनेस्कोने 2005 मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवली. पण या बायकांचा खरा धंदा परातीतल्या गोडाचा. नारळाच्या वड्या, त्यांचं नाव कोकादा. आणि गोल लाडू. ‘आलेग्रिया!’ म्हणून त्यांची लांबलचक हाळी. आलेग्रिया म्हणजे आनंद. ज्वारी-बाजरीच्या कुळातल्या धान्याच्या लाह्या, पानेलाचा पाक, खोबरं आणि बडीशेपेच्या वासाचं अनीस.

सावलीत बसलेल्या एका वयस्क पालेंकेराकडून दोन लाडू घेतले. हे तोंड उघडणार इतक्यात मीच बॅगेतून नणंदेचं पाकीट काढलं. राजगिराही मूळचा अमेरिका खंडातलाच, आणि मेक्सिकोत त्याच्या वड्यांनाही आलेग्रियाच म्हणतात. उपासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा ज्या कंदाचा तो कंद, सगळी मंडळी याच बाजूची. मी एक लाडू तिच्यापुढे धरला.

तिने तो उलटसुलट करून पाहिला, वास घेतला. अर्धा दाताने तोडला, सावकाश चावला. मग शेजारणीकडे वळून म्हणाली, ‘आलेग्रिया!’ म्हणजे आपलं आलेग्रियाच की! सूर तंतोतंत ह्यांचा होता. हे इतके खूश झाले, की उरलेलं पाकीटच त्यांनी तिच्या परातीत ठेवलं.

ती अजून चावतच होती. मग मान हलवून ह्यांना म्हणाली, ‘ले फाल्ता अनीस.’

‘काय म्हणाली?’ ह्यांनी विचारलं.

‘अनीस कमी पडलंय म्हणते.’