आमची वाटचाल : चार क्लिक आणि सोळा क्लिक

नोव्हेंबर लागला की आमच्या दुकानातला फोन खाली ठेवता येत नाही. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगच्या सुमारास हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. इथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, रायफल चालत नाही, म्हणून हाताने बोल्ट ओढून गोळी भरायच्या जुन्या बोल्ट-ॲक्शनला अजून मान आहे. मग आजोबांची ली-एनफिल्ड, जुनी ब्रिटिश लष्करी रायफल, माळ्यावरून खाली येते आणि मालक म्हणतो, "हिच्यावर स्कोप बसवा आणि झिरो करून द्या. शनिवारी पाहिजे." स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण, आणि झिरो म्हणजे नेम धराल तिथेच गोळी लागेल असं जुळवणं.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. पिंपरी-चिंचवडला डाय-मोल्डचं काम केलं, इथे आल्यावर काही वर्षं दुसऱ्याच्या मशिनवर उभा राहिलो. मग गॅरेजमध्ये एक जुना लेथ घेतला, सरकारी परवाना काढला आणि बंदूक दुरुस्तीचं काम सुरू केलं. हिशेब आणि परवान्याची वही बायकोकडे. त्या वहीत खाडाखोड चालत नाही आणि ती करूही देत नाही. साताऱ्याहून आई अजून विचारते, "अरे, पण तू नक्की करतोस काय?" मी सांगतो, स्क्रू घट्ट करतो. ते फारसं खोटं नाही.

कारण स्कोपचं काम बहुतेक वेळा स्कोपचं नसतंच. आम्ही आधी स्कोप बाजूला ठेवतो आणि रायफल पाहतो. नळीचं तोंड झिजलंय का? दोरी ओढून साफ करणाऱ्यांनी कित्येक नळ्यांच्या तोंडाची गोलाई घालवली आहे. लाकूड कापलंय का? ली-एनफिल्डच्या नं. 4 या प्रकाराचं पुढचं लाकूड नळीला टोकापाशी खालून हलका रेटा देतं, नळी त्या हिशेबानेच बसवलेली असते. कोणीतरी ती 'शिकारी' दिसावी म्हणून लाकूड निम्मं कापतो आणि मग नेम भरकटतो म्हणून आमच्याकडे येतो. अशा रायफलवर कितीही महाग काच लावा, काय उपयोग?

मग बसवायचं. स्कोप धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजणाऱ्या) आवळायचे, मनगटाच्या अंदाजाने नाही. बोल्ट बाहेर काढून रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, नळीतून 25 यार्डांवरचा काळा ठिपका मध्यभागी धरायचा आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली फुली, त्या ठिपक्यावर आणायचा. पहिल्या गोळ्या 25 यार्डांवरच. गाडी अडते ती इथे. स्कोपच्या फिरकीवर लिहिलेलं असतं, एक क्लिक, म्हणजे फिरकीची एक खाच, गोळी पाव इंच सरकवते. पण ते 100 यार्डांवर. 25 वर तोच क्लिक इंचाचा सोळावा भाग. गोळी एक इंच डावीकडे लागली की गिऱ्हाईक चार क्लिक फिरवतं, काही हललं नाही म्हणतं आणि स्कोप बिघडला म्हणून परत घेऊन येतं. सोळा क्लिक फिरवा, बाबांनो.

स्कोप नळीच्या दीड इंच वर असेल, तर 25 वर बरोबर लागलेली गोळी 100 वर साधारण दोन-अडीच इंच वर लागते. शेवटचा झिरो म्हणून 100 वरच. तीन गोळ्या, मग थांबायचं. नळी तापली की ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, सरकतो, आणि सरकलेल्या ग्रुपच्या मागे क्लिक फिरवत बसलात तर गोळ्यांचा डबा संपतो, झिरो होत नाही. हरणावर झाडायची पहिली गोळी थंड नळीतूनच जाणार, म्हणून आम्ही थंड नळीची पहिली गोळी वेगळ्या कागदावर झाडून तो कागद जपून ठेवतो.

धंद्यातली सगळ्यात मोठी चूक पहिल्याच हंगामातली. एक तरुण आजोबांची नं. 4 घेऊन आला. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच, लाकूड अखंड. त्याने बॉडीला भोकं पाडून स्कोपचा पक्का माउंट, म्हणजे बैठक, मागितला, मी भोकं पाडली. बॉडी कडक, दोन ड्रिल तुटले, तरी तीन भोकं अशी सरळ आली की मी खूश. त्याला मुलाच्या फीसाठी ती विकायची वेळ आली तेव्हा जुन्या हत्यारांच्या व्यापाऱ्याने भोकं पाहून निम्मी किंमत सांगितली. भोकं त्यानेच मागितली होती, खरं आहे. पण अखंड रायफलची किंमत त्याला ठाऊक नव्हती आणि मी सांगितली नव्हती. तेव्हापासून आमच्या कागदावर पहिली ओळ तीच: भोक पाडल्याने किंमत पडते. आधी बिनभोकाचा माउंट दाखवतो. तो ढिला पडतो, वरचेवर तपासावा लागतो, हेही सांगतो.

पुढे एकदा ईशापूरची 2ए1 आली. 1962 च्या युद्धानंतर आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात, जुन्या .303 काडतुसाऐवजी 7.62 मि.मी.च्या काडतुसासाठी घडवलेली ली-एनफिल्ड, बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन. कुंद्याजवळ आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर) वाचून मला एनसीसीचा कॅम्प आठवला, जरी आमच्या वाट्याला तिथे .22 च आली होती. मालक म्हणाला, यात बाजारात मिळणारं .308 हे शिकारीचं काडतूस चालतं. मी तिला 7.62 नाटो हे लष्करी काडतूसच घालतो आणि तेच सांगितलं. तो थोडा नाराज झाला. नळीवरच्या मागच्या साइटच्या जागी लांब आयरिलीफचा, म्हणजे डोळ्यापासून दूर ठेवूनही दिसणारा, स्कोप बसवला, एकही भोक न पाडता.

भोकं पाडलेल्या नं. 4 च्या त्या तरुणाने शेवटी रायफल विकलीच नाही. दर ऑक्टोबरात, गर्दीच्या आधी, झिरो तपासायला येतो. बायको बिल लिहीत नाही.