काकू बसल्या की स्कूटर बंद

गॅरेजमध्ये गाडी नंतर बोलते, आधी मालक बोलतो. त्याचं ऐकायचं कसं, हे आयटीआयमध्ये कुणी शिकवत नाही. "गाडी ओढतच नाही" म्हणत येणाऱ्याच्या मागच्या ब्रेकचे लायनर चिकटलेले निघतात. "कसला तरी आवाज येतोय" म्हणणाऱ्याला मी सांगतो, तोंडाने काढून दाखवा. आधी लाजतो, मग असा हुबेहूब काढतो की बाहेरची चेन वाजतेय की आतली टायमिंग चेन, हे निम्मं तिथंच कळतं. बुलेटवाल्यांचं उलटं असतं. त्यांची तक्रार आवाज कमी झाल्याची असते.

एप्रिल 2020 पासून बीएस सिक्सच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या गाड्या आल्या, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता मीटरवर पिवळा दिवा लागतो, स्कॅनर लावला की कोड येतो. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण दिवा लागला नाही की आजकालची पोरं हात वर करतात, "कोड नाही म्हणजे गाडीत काही नाही." जुन्या गाडीला दिवा नाही, कोड नाही. तिथं मालक सांगेल तोच कोड. आणि मालक काय वाट्टेल ते सांगतो.

माझं गॅरेज साताऱ्यात, समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. एका गुरुवारी सकाळी शटर वर करतोय तोवर एक काका चेतक घेऊन हजर. निळी चेतक, 1993 ची, एमएच 11 मधला जुना नंबर. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन पासिंग करून आणलेली, रबरी मॅटसुद्धा धुतलेली. पुढे हँडलखाली लिंबू-मिरची. काका शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा पुण्याला हिंजवडीत. तो म्हणतो बाबा, ही विका आणि 2020 ला आलेली विजेवरची चेतक घ्या. काका म्हणतात, नाव तेच ठेवलं म्हणून घोडा तोच होत नाही.

"काय होतंय काका?"

काकांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मिस्त्री, हसू नका. ही मागं बसली की बंद पडते."

"ही म्हणजे?"

"ही म्हणजे आमची ही."

आमचा बारक्या पान्यांचा ट्रे घेऊन आत गेला तो हसायलाच.

दोघं बऱ्याच गुरुवारी सज्जनगडावर जातात. दिवाळीनंतर झालं असं, की काका एकटे गेले तर गाडी गडाच्या पार्किंगपर्यंत सुरसुरत जाते, आणि काकू मागे असल्या की बोगद्याच्या आसपास कुठंतरी बंद. काकू उतरल्या की पहिल्या किकला सुरू. परत बसल्या की थोडं पुढं जाऊन बंद. दोनतीनदा भर चढावर तमाशा झाल्यावर काकूंनी स्कूटर सोडली. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. काका स्कूटरवर, काकू मागून एसटीने, आणि गडाच्या पायऱ्यांशी दोघांची भेट. कॉलनीत ही गोष्ट काकांनीच हौसेने सांगितली. त्यावर कुणी ग्रहदशा काढली, कुणी लिंबू-मिरची सुचवली.

काका माझ्याकडे येण्याआधी दोनतीन ठिकाणी फिरून आले होते. एकाने कार्ब्युरेटर धुतला, जेट बदलला, प्लग नवा टाकला. दुसऱ्याने पेट्रोलचा कॉक आणि पाइप बदलला. त्याचं म्हणणं, चेतकची टाकी सीटखालीच असते, वजन पडलं की पाइप मुडपत असेल. तिसऱ्याने टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं केलं आणि सायलेन्सर जाळून आतला कार्बन काढला. दोन स्ट्रोकच्या गाडीत पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, सायलेन्सर चोक होतोच. यातलं एकही काम वाया गेलेलं नव्हतं. फक्त दुखणं राहिलं जागच्या जागी.

मी काकांना स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं, "बंद पडते म्हणजे कशी? आचके देत, ढुकढुक करत? का किल्ली फिरवल्यागत एकदम?"

"एकदम. बोलता बोलता गप."

झालं, पेट्रोलचा विषय माझ्यापुरता संपला. पेट्रोल कमी पडलं तर गाडी सांगून मरते. पिकअप जातो, आचके बसतात, माणूस रिझर्व्हकडे हात नेतो, तेवढा वेळ ती देते. झटक्यात गेली म्हणजे स्पार्क गेला. मागचे सगळे पेट्रोलच्या मागे लागले होते.

"आणि सुरू करताना काय करता?"

"ही उतरते. मी गाडी डावीकडं कलंडवतो, सरळ करतो, एक किक."

चेतक कलंडवणं ही आपल्याकडची जुनी पूजा आहे. त्यातली किती कामाची आणि किती सवयीची, हा वेगळा विषय. पण घोटाळा असा झाला होता की दर वेळी दोन गोष्टी एकदम व्हायच्या. काकू उतरायच्या आणि गाडी कलंडायची. त्यातल्या कशाने गाडी सुरू झाली, कुणी तपासलंच नव्हतं. श्रेय कलंडवण्याला, दोष काकूंना.

गाडी स्टँडला लावून सुरू केली. पहिल्या किकला. आयडलिंग एकदम गोड. मी एकटा बोगद्यापर्यंत जाऊन आलो, काही नाही. बारक्याला मागे बसवून नेलं, तरी काही नाही. गॅरेजसमोर थांबलो तर काका जिंकल्याच्या चेहऱ्याने उभे. "बघा! पोरगं बसलं तर चालते."

"काका, काकूंना बोलवावं लागेल."

काकांनी फोन लावला. पलीकडचं मला चार हातांवरून ऐकू आलं. "मला काय चौकात उभी करून परीक्षा घेणार आहात का? एसटी बरी माझी. ती कधी बंद पडत नाही!" फोन कट. मी काकांचा फोन मागून घेतला, परत लावला आणि म्हटलं, "काकू, मी मिस्त्री बोलतोय. दोष तुमचा नाही हे मला सिद्ध करायचंय. तुमच्याशिवाय होणार नाही."

अर्ध्या तासात काकू रिक्षातून उतरल्या. काठाची साडी, हातात गुरुवारची पिशवी. बाई काही वजनदार नव्हत्या, बारक्याहून किलो-दोन किलोच जास्त भरल्या असत्या. म्हणजे नुसत्या वजनाचं गणितही जुळेना.

ते जुळलं काकू बसल्यावर. मी म्हटलं, गडावर निघाल्यागत बसा, अगदी तसंच. काका बसले. त्यांच्या मागे काकूंनी सीटवर पिशवी ठेवली. डबा, पाण्याची बाटली, नारळ, छत्री असं सगळं असलेली ती फुगीर पिशवी. तिच्या मागे काकू एका बाजूने बसल्या, पार सीटच्या टोकाला, एक हात पिशवीवर आणि एक मागे स्टेपनीच्या दांड्यावर. बारक्या माझ्या पाठीला चिकटून बसला होता. काकूंचं सगळं वजन चाकाच्या वर, किंबहुना थोडं मागेच. गाडीचा मागचा भाग दिसण्याइतका खाली बसला. शॉक ॲबसॉर्बरही म्हातारा झालेला, दाबला की लवकर वर यायचा नाही.

मी काकांना दोन गोष्टी सांगितल्या. हेडलाइट चालू ठेवा. आणि बंद पडली तर लगेच क्लच दाबू नका, गाडी गिअरमध्येच घरंगळू द्या. मी आणि बारक्या माझ्या स्प्लेंडरवर मागे. चढ लागला, बोगद्याच्या अलीकडे रस्त्यात एक खड्डा आहे, बुजवतात आणि परत होतो. चेतकचं मागचं चाक त्यात गेलं, शेपूट दबलं, आणि आवाज बंद.

मी टेललाइटकडे बघत होतो. इंजिन मेलं तरी तिचा दिवा विझला नाही. मंद झाला आणि गाडी थांबेपर्यंत मंद मंद जळत राहिला. या गाडीला बॅटरी नाही, दिवे थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर. गाडी गिअरमध्ये घरंगळतेय म्हणजे इंजिन फिरतंय, मॅग्नेटो करंट देतोय. मग प्लगला का मिळत नाही? कुणीतरी वाटेत तो खातंय.

काकू सवयीने उतरायला लागल्या. मी ओरडलो, "काकू, उतरू नका! बसून राहा." काकांना म्हटलं, मारा किक. मारली, नाही. परत मारली, नाही. ते गाडी कलंडवायला निघाले. म्हटलं, कलंडवायची नाही, हात लावायचा नाही. एव्हाना दोन रिक्षावाले, एक दूधवाला आणि कॉलेजची चार पोरं जमली होती. कुणाची स्कूटर बंद पडली की आपल्याकडे तज्ज्ञ कमी पडत नाहीत.

"आता उतरा काकू."

काकू उतरल्या. काकांनी न कलंडवता किक मारली. पहिल्या किकला सुरू.

"बघितलं?" काका जमलेल्या लोकांना म्हणाले. काकूंचा चेहरा उतरला. खरं सांगतो, मला त्या क्षणी काकांचा राग आला.

"काका, तुम्ही पण उतरा," मी म्हटलं. गाडी सुरूच होती, बारक्याने पुढून हँडल धरलं. मी मागे गेलो, दोन्ही हात सीटच्या टोकावर ठेवले आणि सगळं अंग टाकून दाबलं. गाडी खाली बसली आणि फट्‌दिशी बंद. सोडलं. बारक्याने किक मारली, सुरू. परत दाबलं, बंद. मग म्हटलं, "काका, आता मागं कोण बसलंय?"

पोरं हसली. काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "परत एकदा दाबा. ह्यांना नीट दिसलं नसेल."

परत दाबलं. परत बंद.

गाडी ढकलत गॅरेजला आणली, उतारच होता. उजव्या बाजूचं कव्हर काढलं. चेतकचं इंजिन बॉडीला घट्ट बसवलेलं नसतं. ते पुढच्या बोल्टवर झुलतं, मागे शॉक ॲबसॉर्बर त्याला धरतो, आणि चाक इंजिनलाच असतं. वजन पडलं की बॉडी खाली येते, म्हणजे बॉडीच्या हिशोबाने इंजिन वर जातं. आता इंजिनवरून काही वायरी बॉडीत जातात, पत्र्यातल्या एका भोकातून. त्या भोकाला कडेने रबर असतं. इथं ते चिरून भोकाच्या बाहेर आलेलं, आणि वायरींचा जुडगा पत्र्याच्या उघड्या कडेवर घासत होता. टॉर्च मारून बघितलं. एका वायरचं आवरण खरवडून तिळाएवढं तांबं चमकत होतं. समोर पत्र्याच्या कडेवरही तेवढाच रंग उडालेला.

ती वायर नेमकी गाडी बंद करायची. गाडी बंद करताना आपण करंट तोडत नाही, उलट ही वायर बॉडीला टेकवतो. मॅग्नेटोचा करंट प्लगकडे न जाता बॉडीत जातो आणि गाडी गप्प होते. काकू पार मागे बसल्या आणि खड्डा आला की तांबं पत्र्याला टेकायचं. गाडीच्या हिशोबाने कुणीतरी ती रीतसर बंद केलेली असायची. काकू उतरल्या की वायर सुटायची.

"दिवाळीच्या आधी काही काम केलं होतं?" मी विचारलं.

काकांनी आठवून सांगितलं, ऑइल सील बदललं होतं. मग सगळं लागलं. त्या कामाला शॉकचा बोल्ट काढून इंजिन खाली सोडतात. तेव्हा वायरी ताणल्या असणार, रबर निसटलं असणार, आणि परत बसवताना कुणी बघितलं नाही. कुठल्या गॅरेजात केलं ते काकांनी सांगितलं, मी ते विसरलो.

काम अर्ध्या तासाचं. खराब तुकडा कापला, नवा जोडला, सोल्डर मारलं, सगळ्या जुडग्यावर स्लीव्ह चढवली, भोकाला नवं रबर बसवलं आणि वायरींना थोडी ढील दिली. शॉक ॲबसॉर्बर बदलायचा म्हटलं तर साताऱ्यात मिळाला नाही, पुण्याला नाना पेठेत सांगून ठेवला. मग काका-काकूंना पिशवीसकट बसवून परत त्याच खड्ड्यातून पाठवलं. बोगदा ओलांडून, वळून आले. गाडी आयडलिंगला असतानाच मी परत मागून दाबून बघितलं. आवाजात फरक नाही.

"किती झाले?" काकांनी विचारलं.

"तीनशे."

"एवढ्याशा वायरचे?" काकांनी कार्ब्युरेटर, कॉक, प्लग, सायलेन्सर सगळ्याचे पैसे निमूट दिले होते. जिथं पार्ट हातात दिसत नाही तिथंच लोकांना जास्त वाटतात. मी काही बोलायच्या आत काकूंनी पर्स उघडून तीन नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

"बिल द्या," त्या म्हणाल्या.

"एवढ्याला कशाला बिल, काकू?"

"द्या तर. आणि काय बिघडलं होतं ते मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात. खाली सही आणि शिक्का. कॉलनीत दाखवायचंय मला."

मी बिलबुक काढलं आणि लिहिलं, 'पत्र्याला घासून वायर शॉर्ट. वायर व रबर बदलले.' काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"मागे बसणाऱ्याचा दोष नाही, हेही लिहा."

तेही लिहिलं. शिक्का दोनदा मारून घेतला त्यांनी.