एका फेरीचे चार आणे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला, तेव्हा शाळेच्या इमारतीआधी मला आठवल्या त्या पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या. मी १९९५ च्या दहावीच्या तुकडीचा विद्यार्थी. आम्ही नववीत असताना, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लगेचच, किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला. पुण्यात अजून मिरवणुकीचे ढोल थांबले नव्हते. दुपारपर्यंत वाड्यावाड्यांतून रेडिओभोवती माणसे गोळा झाली आणि त्यानंतरच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी भूकंपग्रस्तांसाठी निधी जमा करण्याचे आवाहन केले.

पहिल्या आठवड्यात आम्ही जे केले ते सगळ्याच शाळा करत असत. प्रत्येक वर्गाला पावतीपुस्तक मिळाले आणि शाळा सुटल्यावर आम्ही चौघाचौघांच्या गटाने घरोघरी फिरू लागलो. ध्वजदिनाचे कागदी झेंडे विकण्याची आम्हाला सवय होती. पण झेंडा देऊन पैसे घेणे वेगळे आणि नुसता हात पुढे करणे वेगळे, हे दुसऱ्याच जिन्यावर कळले. बेल वाजवायची कोणी, यावरून आमच्यात ढकलाढकली होई. लोक पैसे देत, नाही असे नाही, पण दार अर्धे उघडून आणि आमच्याकडे न पाहता देत. त्यातच कोणीतरी शाळेच्या दर्शनी भिंतीवर फळा लावून वर्गवार रकमा लिहायला सुरुवात केली होती. आमच्या तुकडीने सहा दिवस जिने चढून १८० रुपये जमवले आणि सातव्या दिवशी शेजारच्या तुकडीतील एका मुलाच्या वडिलांनी ५०० रुपयांचा धनादेश दिला. त्या गृहस्थांचा हेतू उत्तमच होता. परंतु दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकाही गटाने पावतीपुस्तक मागून नेले नाही, आणि मला वाटते शेजारच्या तुकडीनेही नेले नाही, कारण आता चढाओढ करायची तरी कशाची?

हे सर्वप्रथम लक्षात आले ते आमच्या वर्गशिक्षिका बाईंच्या. त्यांनी फळ्यावरच्या रकमा पुसून टाकल्या आणि त्या जागी, किती माणसांनी पैसे दिले, तो आकडा लिहायला सांगितले. धनादेशाचा एक आणि आजीने बटव्यातून काढून दिलेल्या नाण्याचाही एक. इतिहासाच्या सरांनी त्याच सुमारास तासाला पैसा फंडाची हकीकत सांगितली, ती या बदलाचे समर्थन म्हणूनच असावी. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून निधी उभा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा मागितला की नाही म्हणणे अवघड जाते, आणि दिला की तो कारखाना थोडासा आपलाही होतो, असे सर म्हणाले होते. आमच्या घरी याचे एक रूप आधीपासूनच होते. महर्षी कर्व्यांच्या संस्थेच्या भाऊबीज निधीला आजी दरवर्षी नेमाने पैसे देई आणि ती पावती देवघरातल्या खणात ठेवी. तिच्या लेखी ती देणगी नव्हती, ओवाळणी होती.

पर्वतीची कल्पना मात्र स्काउटच्या सरांची. स्काउटमध्ये ‘खरी कमाई’ नावाचा उपक्रम असतो. मुलांनी काहीतरी काम करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. आम्ही शिक्षकांच्या सायकली रुपया-रुपयाला पुसून दिल्या होत्या, पण शाळेत सायकली असून असून किती असणार? तेव्हा सरांनी सुचवले की एका रविवारी सकाळी सर्वांनी पर्वती चढायची, पुन्हा पुन्हा चढायची, आणि प्रत्येकाने आधीच नातेवाइकांकडून व शेजाऱ्यांकडून दर फेरीमागे ठरावीक रक्कम कबूल करून घ्यायची. त्यासाठी पुठ्ठ्याची कार्डे केली. त्यांचे अधिकृत नाव ‘कबुलीपत्र’ होते, परंतु आम्ही त्यांना उधारीची वही म्हणत असू. बाईंनी त्यावर एकच अट घातली : फेरीमागे चार आण्यांपेक्षा जास्त कोणी कबूल करायचे नाही. जास्त पैसे हवे असतील तर जास्त माणसे गाठा किंवा जास्त चढा.

त्यामुळे सगळाच रंग पालटला. ज्या दारांची बेल वाजवायला आम्ही कचरत होतो, तिथे आता आम्ही फुशारकी मारायला जात होतो. ‘तू? आणि पर्वती? दोन फेऱ्यांत बसशील,’ असे वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, की त्यांना कार्डावर सही करायला लावणे हा मानाचा प्रश्न होई. लोक दया म्हणून नव्हे तर पैज लावल्यासारखे कबूल होत होते.

आमच्या वर्गातील एका मित्राच्या पायाला लहानपणी पोलिओ झाला होता. त्याने घरीच थांबावे, असे एक-दोघांनी सुचवलेही. चित्रकलेच्या सरांनी त्याला माथ्यावर नेऊन बसवले आणि प्रत्येक फेरीला कार्डावर उमटवायचा रबरी शिक्का त्याच्या हाती दिला. पठ्ठ्याने स्वतःच्या कार्डावर वेगळाच करार लिहून घेतला होता : त्याने मारलेल्या दर दहा शिक्क्यांमागे चार आणे. कबूल करणाऱ्यांना हा हिशेब किरकोळ वाटला असावा. चोपन्न मुलांनी मिळून त्या सकाळी चारशेच्या वर शिक्के मारून घेतले आणि त्याच्या प्रत्येक दात्याला दहा रुपयांच्या वर खर्च आला. वर्गात सर्वाधिक रक्कम त्याची निघाली. शिवाय अर्ध्या वाटेवरून परत फिरणारे दोन लबाड त्यानेच पकडले, ते वेगळेच.

मी अकरा फेऱ्या केल्या. पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत, दोन पावलांत एक पायरी धड होत नाही, त्यामुळे सातव्या फेरीनंतर पोटऱ्या बोलू लागतात. गंमत अशी की कबुली देणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतः पायथ्याशी येऊन बसले होते. कोणी आम्ही किती चढतो ते मोजायला आले होते, कोणी आता पुरे म्हणायला. पण आल्यावर त्यांतल्या काहींनी आपणही एक फेरी मारली आणि आम्हाला लिंबू सरबतही पाजले.

जमलेल्या पैशांतून भूकंपग्रस्त मुलांसाठी वह्या आणि कंपासपेट्या घ्यायच्या ठरल्या. त्या काळात भूकंपग्रस्त भागातील अनेक मुले भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला आणली होती, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. त्यामुळे ती मुले आता आम्हाला फार दूरची वाटत नव्हती. खरेदी शिक्षकांनी परस्पर केली नाही. आम्हा आठ मुलांना अप्पा बळवंत चौकात नेले आणि घासाघीस आमच्याकडूनच करवून घेतली. दुकानदाराने सूट किती द्यावी यावर दहा मिनिटे वाद घातल्याचा आनंद मला आजही आठवतो.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी स्वतः असे उपक्रम आखले, काही फसलेही. एका धावण्याच्या कार्यक्रमात टी-शर्ट, पदके आणि मंडप यांवरच इतका खर्च झाला की हिशेब मांडताना लाज वाटली. आमच्या शाळेतल्या आनंदमेळ्यांचेही तसेच होत असे : भेळेचे सामान आईच्या डब्यातले, भेळ विकत घेणारी आईच, आणि नफा म्हणून जाहीर होई तो तिच्याच पर्समधला. मजा होती, पण तेवढीच.

उधारीची वसुली दिवाळीच्या सुटीत झाली. आमच्या वाड्यातील एक निवृत्त आजोबा, जे दूधवाल्याशीही पै-पैचा हिशेब करत, त्यांच्याकडे माझे अकरा फेऱ्यांचे २ रुपये ७५ पैसे निघाले. त्यांनी कार्ड चष्म्याजवळ धरून शिक्के दोनदा मोजले आणि तीन रुपये दिले. मी पावती फाडून दिली आणि सुटे नाहीत असे सांगून निघालो तेव्हा त्यांनी मला जिन्यावरून परत बोलावले. कबूल केले होते तेवढेच मिळेल, असे म्हणून त्यांनी मला चार आणे आणायला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पिटाळले. मी सुटे आणून दिले, त्यांनी ते मोजून खिशात घातले. पुढच्या वर्षी गणपती उठले त्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठून विचारले, ‘काय रे, यंदा पर्वती कधी आहे?’